जकात, सदका आणि यूपीआय : बेळगाव-निपाणी भागातले विद्यार्थी फोनवरून देतात का?

निपाणीकर_वाणिज्य (धागाकर्ती)

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

मी राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव निपाणी. प्रकल्पासाठी विषय घेतलाय तो असा : विद्यापीठातली मुलं-मुली जकात, सदका, फित्रा ही आमची धार्मिक दानं फोनवरून द्यायला कितपत तयार आहेत आणि नसतील तर कशामुळं. या विषयावर इंडोनेशिया आणि मलेशियात पुष्कळ अभ्यास झालेत. तिथं बहुतेक जण ठरलेल्या मॉडेलवर प्रश्न विचारतात. हे वापरून फायदा आहे का, वापरायला सोपं आहे का, आजूबाजूची माणसं काय म्हणतात, लागणारी साधनं हाताशी आहेत का. २००३ साली मांडलेलं हे मॉडेल 'यूटॉट' म्हणून ओळखलं जातं.

खर्डा घेऊन वसतिगृहातल्या मुलींशी बोलले, तर सोपं की अवघड हा प्रश्नच कुणाला पडत नाही. चहाचे दहा रुपयेसुद्धा आम्ही फोननंच देतो. तरी रमजान आला की त्याच मुली पर्समध्ये नोटा घालून फिरतात. एकीनं सांगितलं, "सदका मी पाठवत असते, दहा-वीस रुपये. पण जकात अब्बा हातानंच देणार, त्यात फोन नको." फोन तोच, मुलगी तीच, आणि दोन दानांना दोन नियम. हे असं का, हे मला समजून घ्यायचंय.

सीमाभागातले, कोल्हापूर-मिरजेला शिकणारे, गल्फमध्ये असलेले, सगळ्यांनी लिहा. मुस्लिम नसाल तरी बँकेचा, देवस्थानचा, हिशेबाचा अनुभव कामाचा आहे. इथलं कुणाचं वाक्य विचारल्याशिवाय प्रकल्पात घेणार नाही.

---

आझमनगर_कट्टा

विषय चांगला घेतलात ताई. मी बेळगावातच इंजिनीअरिंगला आहे.

आमच्याकडं मशिदीच्या दाराशी चंद्याची पेटी आहे, तिच्यावरच क्यूआर चिकटवला आणि शेजारी साऊंडबॉक्स ठेवला. जुम्म्याची नमाज सुटली की तो एकसारखा बोलायचा, इतके रुपये आले, तितके रुपये आले. पुढच्यानं पाचशे टाकले की मागं उभा असलेला पोरगा वीस टाकायला कचरायचा. मी स्वतः फोन खिशात घालून पेटीत नोट टाकलीय. कुराणातल्या सूरह बकरात म्हटलंय की दान उघड दिलंत तरी चांगलं, पण गुपचूप गरजूला दिलंत तर ते जास्त चांगलं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तर लहान पोरांनाही पाठ असते. आणि इथं दारात मशीन मोठ्यानं रक्कम सांगायलंय. आम्ही पोरांनी कमिटीला विनंती केली, त्यांनी ऐकलं. आता बॉक्स काढलाय, मेसेज फक्त खजिनदार चाचांच्या फोनवर जातो. त्यानंतर पोरं स्कॅन करायला लागली.

म्हणजे ॲप तेच, क्यूआर तोच. अडचण त्या आवाजाची होती. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसवणार बघा.

---

निवृत्त_खातेवही

बाळ, धागा वाचतोय. मी टिळकवाडीचा, आयुष्य बँकेत गेलं. धर्माच्या बाजूनं मला फार कळत नाही, म्हणून आधी विचारतो : जकात आणि सदका यांत नेमका फरक काय? एकाला फोन चालतो आणि दुसऱ्याला नाही, हे ऐकून मला आमच्याकडची गोष्ट आठवली. देवळात आता सगळीकडं क्यूआर आहेत. अभिषेकाची पावती लोक फोनवर फाडतात, पण नवस फेडायचा असला की नोट हुंडीतच पडते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारी माझी भावजय वाटेत एटीएमपाशी गाडी थांबवायला लावते.

---

हुक्केरीचा_तालिब

काका, सांगतो. मी आलिमचा, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाचा, कोर्स करून आता बी.ए. करतोय.

सदका ऐच्छिक. कितीही द्या, कधीही द्या, गरजू कुठल्याही धर्माचा असो. फित्रा ईदच्या नमाजीआधी द्यायचा, घरातल्या माणशी. आमच्या हनफी पद्धतीत (धर्मनियमांच्या शाखांपैकी ही एक) गव्हाच्या हिशेबानं पावणेदोन किलोच्या आसपास धान्य किंवा त्याची किंमत. जकात मात्र फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे. साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोनं, किंवा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी, ही मर्यादा. तिला निसाब म्हणतात. गरजा आणि देणी वजा जाऊन तेवढ्या किमतीचं उरलं आणि त्यावर चांद्र वर्ष उलटलं, की अडीच टक्के काढायचे. कुणाला द्यायचे तेही ठरलेलं आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ गट आहेत : फकीर, मिस्कीन, कर्जात अडकलेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. मशिदीचा रंग, लाईट बिल त्यात येत नाही. आणि हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मनियमांत, अट अशी, की पैसा हक्कदाराच्या मालकीचा व्हायला हवा. याला तमलीक म्हणतात.

यूपीआयनं दिलेली जकात अदा होते का, हे पोरं मला दर रमजानला विचारतात. होते. पाठवताना नीयत करा, म्हणजे ही जकात आहे असं मनात धरा, पैसा हक्कदाराच्या खात्यात पडला आणि त्याला तो काढता येतो, झालं. पण मधल्या माणसाला किंवा संस्थेला पाठवलात तर तो तुमचा वकील, म्हणजे तुमच्या वतीनं देणारा झाला. त्यानं गरजूपर्यंत पोचवेतोवर तुमच्यावरचं ओझं उतरत नाही. बुजुर्ग 'हातानं द्या' म्हणतात ते यासाठी. त्यात फोनचा राग नाही.

आझमनगरच्या भाईंनी सांगितलेल्या क्यूआरमध्ये आणखी एक अडचण आहे. त्या एकाच खात्यात चंदा, सदका, जकात सगळं जातं. खजिनदारानं त्यातून वायरमनचे पैसे दिले तर कुणाची जकात वायरिंगला गेली हे कुणालाच सांगता येणार नाही. मला माहीत असलेल्या एका मशिदीनं दोन खाती काढलीत, दोन वेगवेगळे क्यूआर, एकावर हिरव्या अक्षरात फक्त 'जकात-फित्रा'. तेवढ्यानं गोंधळ संपला.

---

आझमनगर_कट्टा

> त्या एकाच खात्यात चंदा, सदका, जकात सगळं जातं

तोवर पाठवताना शेऱ्याच्या जागी 'जकात' लिहायचं, असं मी करतो. खजिनदारानं स्टेटमेंट काढलं की दिसतं.

---

हुक्केरीचा_तालिब

संस्थेला पाठवताना जरूर लिहा. पण नात्यातल्या गरजूला पाठवताना लिहू नका. चुलतभाऊ, खाला (मावशी), मामा यांना जकात देता येते, आणि नात्यात दिली तर सवाब, म्हणजे पुण्य, दुहेरी. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना चालत नाही. घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असं सांगायची सक्ती नाही, देणाऱ्याची नीयत पुरते. ईदी म्हणून पाठवा. खालेच्या फोनवर 'जकात' असा शेरा झळकला तर ती पुढच्या वेळी तुमच्या घरी यायलाही संकोचेल.

---

विडीवालीची_पोर

हा धागा मी कोल्हापुरात बसून वाचतेय. लॉ करते. माझी आई निपाणीत विड्या वळते, आजीही वळायची. आमच्या गल्लीत जकात घेणारीच घरं जास्त, म्हणून घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. वर सगळे देणाऱ्याच्या फोनबद्दल बोलताहेत.

आमच्या शेजारी एक मावशी आहेत, नवरा वारला. दिवसभर मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं नि तंबाखू, बोटं काळी. त्यांच्याकडं फोन नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये यायला लागले तेव्हा खातं आधारला जोडलं गेलं, आणि बँकेत मोबाईल नंबर दिला तो दिराचा. मागच्या एका रमजानला शहरातल्या कुणी भल्या माणसानं 'मावशींच्या नंबरवर' जकात पाठवली. तो नंबर दिराचा, त्याला यूपीआय जोडलेलं खातंही दिराचं. पैसे तिथंच गेले. दीर वाईट नाही, त्यानं त्यातून किराणा दुकानाची उधारी भागवली, ती उधारी त्या घराचीच होती. पण मावशींना पैसे आल्याचं कळलं ते ईद झाल्यावर, दुकानदाराकडून.

आता तालिबभाईंनी सांगितलेली अट यावर लावून बघा. स्क्रीनवर हिरवी टिक आली, देणाऱ्याच्या मनाला समाधान झालं. मावशींच्या मालकीचं काय झालं?

गल्लीतल्या कॉलेजच्या मुलींनी मग वेगळा मार्ग काढला. नंबरवर पाठवायचंच नाही. पासबुक बघून खाते क्रमांक आणि आयएफएससी घालून पाठवायचं, ॲपमधून तसंही जातं. मग एक मुलगी मावशींना घेऊन बँकमित्राकडं जाते, अंगठा लावून पैसे मावशींच्या हातात येतात, ती मुलगी पैशाला हात लावत नाही. आधी पासबुकावरची नोंद मोठ्यानं वाचून दाखवायची, हा त्यांचा नियम. वेळ जातो, पण त्या मुलींवर आता लोकांचा विश्वास बसलाय. बेळगावहून, कोल्हापूरहून पैसे येतात.

दुसरं माझं स्वतःचं. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी जकातीतून मदत मिळाली. पैसे रात्री खात्यात आले, शेरा काही नव्हता. सकाळी उठले आणि ऑफिसात जाऊन भरले. त्याआधी एके ठिकाणी मदत मिळणार होती, तर त्यांना स्टेजवर पाकीट देतानाचा फोटो हवा होता. मी गेले नाही. फोनवरून आलेल्या पैशानं माझी मान खाली गेली नाही, ही गोष्ट मी आयुष्यभर धरून ठेवीन. पण त्याच पद्धतीनं मैत्रिणीला मदत झाली तेव्हा पाठवणाऱ्या ग्रुपनं 'अलहमदुलिल्लाह, पोचले' म्हणून स्क्रीनशॉट टाकला. तिचं पूर्ण नाव, बँकेचं नाव, रक्कम. साडेतीनशे माणसांच्या ग्रुपवर. तिनं ते वर्ष मान वर करून काढलं नाही.

निपाणीकर ताई, प्रश्नावलीत घेणाऱ्याबद्दल एकही प्रश्न नसेल तर अर्धीच गोष्ट मोजली जाईल.

---

निपाणीकर_वाणिज्य

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहू शकले नाही. तुमचा मुद्दा मी घेतेय, तुमची परवानगी असेल तर मावशींची गोष्ट नाव-गाव न देता प्रकल्पात यावी असं मला फार वाटतं. व्यनि केलाय.

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे हनफीहून वेगळ्या शाखेचे. आमच्याकडे फित्रा धान्यातच द्यायचा, रोख किंमत बहुतेक मौलवी मान्य करत नाहीत. त्यामुळे फित्र्यासाठी यूपीआय म्हणजे पैसे जमातीला पाठवायचे, जमात तांदूळ घेणार आणि वाटणार. पैसा जातो तो वकिलाकडे. बेळगाव-कोल्हापूरला हनफी जास्त, तिथे किंमतही चालते, त्यामुळे तुमच्याकडे फोन जास्त चालेल. खानापूर, कारवारच्या बाजूला आमच्यातली घरं भेटतील. मसलक (हनफी की शाफई) कोणता, हा प्रश्न फॉर्ममध्ये असू द्या.

दागिन्यांचंही तसंच. हनफींत अंगावरच्या सोन्यावर जकात आहे, आमच्यात रोज वापरायच्या दागिन्यांवर नाही.

---

निपाणीकर_वाणिज्य

> हनफींत अंगावरच्या सोन्यावर जकात आहे

यावरून एक विचारायचं होतं. वसतिगृहातल्या मुली म्हणतात, 'आम्ही शिकतोय, आम्हाला कसली जकात.' पण एखादीकडं आईनं दिलेली दोन तोळ्यांची चेन आहे, खात्यात शिष्यवृत्तीचे काही पैसे आहेत, तर?

---

हुक्केरीचा_तालिब

नुसतं सोनं असेल तर साडेसात तोळ्यांचा हिशेब. सोन्याबरोबर रोख असेल तर हनफी पद्धतीत दोन्हीच्या किमतीची बेरीज करायची आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. दोन तोळे सोनं आणि थोडी रोख, एवढ्यानं आजच्या भावात ती चांदीच्या मर्यादेच्या वर जाते. चेन तिच्या मालकीची असेल, नुसती घालायला दिलेली नसेल, तर जकात तिच्यावर आहे. अब्बांवर नाही. शैक्षणिक कर्जाचा या वर्षीचा देय हप्ता वजा धरता येईल. प्रत्येकीनं आपला हिशेब जाणकाराला दाखवावा.

---

वाणिज्य_सर

मी सीमाभागातल्या एका पदवी महाविद्यालयात शिकवतो. धागाकर्तीला दोन गोष्टी सुचवतो.

पहिली. मॉडेल इंडोनेशिया-मलेशियातून जसंच्या तसं उचललं तर घसराल. इंडोनेशियात बाझनास ही राष्ट्रीय जकात संस्था आहे, २०११चा कायदा आहे, आणि २०१९ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेनं सगळ्या ॲपसाठी एकच क्यूआर आणला. मलेशियात राज्याराज्यांच्या इस्लामी परिषदा जकात गोळा करतात आणि भरलेली जकात प्राप्तिकरातूनच वजा होते. तिथला विद्यार्थी 'ॲप सोपं आहे का' या प्रश्नाला उत्तर देतो तेव्हा पैसे कुठं जाणार हे त्याच्यासाठी ठरलेलं असतं. आपल्याकडं जकात पूर्णपणे माणसाच्या मनावर आहे. कुणाला द्यायची, कुणामार्फत द्यायची, हे घर ठरवतं. त्यामुळं इथं विश्वास हा मॉडेलमधला जादाचा एक घटक म्हणून धरू नका, तो पाया धरा. इथली मुलं पेमेंट स्वीकारतात की नाही हा प्रश्न सुटलेला आहे. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आज पदवीला असलेली मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती कुणाचा हात स्वीकारतात ते शोधा.

दुसरी. विद्यार्थ्याला 'तुम्ही जकात यूपीआयनं देता का' असं विचारलं तर बरेच 'नाही' म्हणतील, आणि ते खरंही असेल, कारण जकात वडिलांची. पण घरात वडिलांची जकात प्रत्यक्षात पाठवतं कोण? माझ्या वर्गातली मुलं सांगतात, अब्बा नावांची यादी देतात, रक्कम सांगतात, बटण दाबतो मुलगा. काही घरांत तर सोन्याचा भाव काढून अडीच टक्क्यांचा हिशेबही मुलगीच करते. म्हणजे विद्यार्थी देणारा नसला तरी घराचा देणारा हात तोच आहे. हे दोन प्रश्न वेगळे विचारलेत तर तुमचा प्रकल्प पाहण्यासारखा होईल.

---

आझमनगर_कट्टा

सर, अगदी बरोबर. आमच्या घरी तेच आहे. आणि अब्बांच्या यादीत दरवर्षी तीच नावं. मी यंदा एक नाव वाढवायला सुचवलं, आमच्या कॉलेजातल्या एका मुलाची परीक्षा फी अडली होती. अब्बांनी विचारपूस केली आणि मान्य केलं. फोन हातात आला की यादीतही थोडं बोलता येतं.

---

मस्कतहून_खानापूरकर

माझं गाव खानापूर तालुक्यात. इथून भारतातल्या खात्यात पैसे टाकतो, तिथून धाकटा भाऊ वाटतो. तो बी.एस्सी.ला आहे. तिथून एक मित्र म्हणाला, परदेशातून दान म्हणजे एफसीआरए, परकीय देणग्यांचा कायदा, लागेल. तसं नाही. भारतीय नागरिकानं परदेशात कमावलेला पैसा बँकेच्या रीतसर मार्गानं दिला तर तो परकीय देणगी धरला जात नाही. पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल तर गोष्ट वेगळी, मग संस्थेला एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. इथल्या काही जणांनी त्या भीतीनं पाठवणंच बंद केलं होतं, म्हणून लिहिलं.

---

निवृत्त_खातेवही

तालिब, नीट समजावलंस, आभार. आता माझ्या धंद्याचं सांगतो.

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव येतं ते वाचा. २०२५च्या जूनअखेरपासून ॲपवर खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसलं पाहिजे असा नियम आहे. मशिदीच्या नावाच्या कागदावर भलत्याच व्यक्तीचं नाव उमटलं तर हात मागं घ्या. एका क्यूआरवर दुसरा चिकटवून पैसे पळवल्याचे प्रकार ठिकठिकाणी झालेत. कमिटीनं रोज एकदा स्वतः एक रुपया टाकून बघावा, तपासायला तो उपाय पुरे.

रमजानात आजारी मुलाचा फोटो आणि खाली क्यूआर, असे मेसेज फिरतात. दवाखान्याचं नाव विचारा, तिथं फोन लावा. पैसे घेणाऱ्याला पिन घालावा लागत नाही, पिन मागितला तर तो चोर. फसगत झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत, तर माणसाकडून माणसाला झालेल्या व्यवहारात दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे.

करसवलतीसाठी कुणी विचारेल म्हणून सांगतो. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीला चालत नाही, आणि एकाच धर्माच्या लोकांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टला ८०जी सहसा नसतंच. त्या आशेनं कुणी फोनकडं वळेल असं मला वाटत नाही.

---

घाटमाथा

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसात रेंज जाते ते दिवस दिवस येत नाही. इथली मुलं बेळगावात असताना फोनवरून देतात, घरी आली की नोटा. चांदरातीला, ईदच्या आदल्या रात्री, तर सगळ्यांचं एकदम चालू असतं, पेमेंट फिरत राहतं. फित्र्याला सकाळच्या नमाजीआधीची वेळ आहे.

---

हुक्केरीचा_तालिब

फित्रा रमजानमध्ये आधीच देता येतो, चांदरातीची वाट बघू नका. गरिबालाही ईदची खरेदी करायला वेळ मिळतो.

---

मिरजेचा_सीए_विद्यार्थी

सगळे हिशेबाभोवती फिरताहेत म्हणून लिहितो. मी आर्टिकलशिप करतोय. फोनवरून आलेल्या पैशाचा मोठा गुण हा, की तो मागं खूण ठेवतो. हातानं दिलेल्या जकातीची पावती असते, पण पुढं ती कुणाला गेली हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. विचारलं की 'शक घेता का' असं होतं. मी दोन छोट्या संस्थांना हिशेब लावायला मदत केली. एकीनं ईदनंतर मशिदीच्या फलकावर कागद लावला : जकात किती आली, किती घरांना गेली, फी किती, दवाखाना किती, शिल्लक किती. घेणाऱ्याचं एकही नाव नाही. दुसऱ्या संस्थेनं नको म्हटलं. पुढच्या रमजानला विद्यार्थ्यांचे पैसे पहिलीकडं वळले. बघता बघता वळले.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या संस्थेला क्यूआर लावायचाय तिनं फलकावर हिशेब लावायचीही तयारी ठेवावी. ती नसेल तर मुलांनी थेट नात्यातल्या, गल्लीतल्या गरजूला द्यावं.

---

विडीवालीची_पोर

पटलं. फक्त हिशेबाच्या नावाखाली घेणाऱ्यांचे फोटो, आधारच्या प्रती ग्रुपवर फिरू नयेत. खात्री करायची तर दोन माणसांनी घरी येऊन करावी. कोल्हापुरात १९०६ साली शाहू महाराजांच्या पाठबळानं मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, शिकायला आलेल्या पोरांची सोय झाली. पोराला मदत करायची तर त्याला चारचौघांत उभं करावं लागत नाही.

---

आझमनगर_कट्टा

एक राहिलं. पेमेंट केल्यावर कॅशबॅक येतो. जकातीवर आलेला कॅशबॅक ठेवायचा का?

---

हुक्केरीचा_तालिब

कंपनी तिच्याकडून देते, तुमच्या जकातीतून कापून देत नाही. हक्कदाराला पूर्ण रक्कम पोचली असेल तर जकात अदा झाली. मन मानत नसेल तर तो सदक्यात घाला. बचत खात्याच्या व्याजाचं मात्र वेगळं, ते जकात म्हणून धरता येत नाही. ते सवाबाची नीयत न करता गरजूला देऊन मोकळं व्हायचं.

---

निपाणीकर_वाणिज्य

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांशी आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमशी बोलून प्रश्नावली नव्यानं बांधली. मुख्य प्रश्न टाकते, सुचवा.

सुरुवातीलाच सदका, फित्रा, जकात यांचे तीन वेगळे भाग केलेत. जकातीच्या भागात पहिला प्रश्न : तुमच्या स्वतःच्या मालकीचं सोनं, चांदी, रोख आहे का आणि त्याचा हिशेब कधी केलाय का. दुसरा : घरच्यांची जकात फोनवरून पाठवायचं काम तुमच्याकडं असतं का, आणि कुणाला पाठवायची यात तुमचं मत घेतात का. मग संस्थेबद्दल : जकातीचं खातं वेगळं आहे का, वाटपाचा हिशेब कुठं लावतात का, नसेल तरी तुम्ही देता का. मशिदीच्या दारातल्या क्यूआरबद्दल : इतरांना रक्कम कळते म्हणून तुम्ही कधी थांबलात का. शेवटचा भाग ज्यांना शिक्षणासाठी मदत मिळाली त्यांच्यासाठी, ऐच्छिक : पैसे कुणाच्या खात्यात आले, तो फोन कुणाच्या हातात असतो, आणि तुमचं नाव पुढं कुठं गेलं का.

नाव, फोन नंबर, यूपीआय आयडी काहीही विचारणार नाही. फॉर्म कागदावर ठेवतेय, कारण शेवटच्या भागाची उत्तरं ऑनलाईन द्यायला मुली कचरतील असं मैत्रिणी म्हणतात. मराठी मजकूर तयार आहे. उर्दू माझा भाऊ लिहून देतोय. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडची मुलं कन्नड माध्यमातली, त्यांच्यासाठी कन्नड हवं आहे.

---

विडीवालीची_पोर

शेवटच्या भागात 'पैसे काढायला तुम्ही स्वतः गेलात का' हेही घाला. गल्लीतल्या मुलींना मी सांगून ठेवते, निपाणीतले फॉर्म त्या भरून घेतील.

---

घाटमाथा

कन्नड मी करून देतो. शाळेत दोन्ही भाषा शिकवतो. मजकूर व्यनिनं पाठवा, आणि निसाबाचे आकडे ग्रॅममध्येच ठेवा, तोळ्याचा हिशेब आताच्या मुलांना पटकन लागत नाही.